तालमीच्या हॉलमधला जुना डेस्कटॉप: फुटबॉलचं चित्रीकरण नीट दिसावं म्हणून केलेल्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

यंत्र असं आहे: कोअर आय३-२१२० प्रोसेसर (दोन कोअर, चार थ्रेड, ३.३ गिगाहर्ट्झ), एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मागे व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन पोर्ट. व्हीजीएवर १८.५ इंची मॉनिटर, १३६६ बाय ७६८. एचडीएमआयची १० मीटर केबल भिंतीवरच्या पट्टीतून ४३ इंची ४के टीव्हीपर्यंत गेलेली.

काम एकच. पेठेतल्या संघाचे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचे सामने आणि सकाळचा सराव फोनवर उतरवलेला असतो, तो हॉलमध्ये पोरांना दाखवायचा. यंत्राची यापेक्षा कठीण परीक्षा नाही. कॅमेरा सतत या गोलपासून त्या गोलपर्यंत फिरत असतो, मागे गॅलरीतली गर्दी, खाली गवत, आणि त्यात तो एवढासा चेंडू. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाच्या व्हिडिओत लपून जाणारा दोष इथे लगेच दिसतो.

प्रशिक्षकांची तक्रार जशीच्या तशी लिहून ठेवली: "कीपर लाइन कधी सोडतोय तेच कळंना. बॉल उड्या मारत जातोय." शेवटची कसोटीही हीच ठेवायची. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये.

तपासणीसाठी दोन-दोन मिनिटांचे चार तुकडे कापून ठेवले. चारहींत कॅमेरा फिरतो आहे. एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती, म्हणजे कोडेक.
अ: १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४.
ब: १०८०पी, ६० फ्रेम, एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५).
क: ४के, ३० फ्रेम, एचईव्हीसी.
ड: जुन्या कॅमकॉर्डरचा, १०८०पी, ५० फ्रेम, एच.२६४.

३ जून, मंगळवार

काहीही विकत घेण्याआधी मोजणी. एमपीव्ही प्लेअर वापरला. तो चालू असताना शिफ्ट आणि आय दाबलं की कोडेक, डीकोडिंग (दाबलेला व्हिडिओ उलगडणं) प्रोसेसर करतोय की ग्राफिक्स, आणि किती फ्रेम गळल्या हे पडद्यावरच दिसतं. एमपीव्ही मुळात हार्डवेअर डीकोडिंग वापरत नाही, कंट्रोल आणि एच दाबून ते चालू करावं लागतं. हे न करता केलेली मोजणी फसवी ठरते.

तुकडा अ: प्रोसेसर १२ टक्के, गळलेल्या फ्रेम शून्य.
तुकडा ब: प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर, ७,२०० पैकी ४१० फ्रेम गळल्या, आणि त्या बहुतेक कॅमेरा वळताना.
तुकडा क: प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकलेला, ३,६०० पैकी १,९०० गळल्या. आवाज पुढे, चित्र मागे.
तुकडा ड: प्रोसेसर १५ टक्के, एकही फ्रेम गळली नाही. तरीही चेंडू उड्या मारतो.

ब आणि क यांचं कारण सरळ आहे. या प्रोसेसरमधलं एचडी २००० ग्राफिक्स २०११ सालचं. एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ उलगडायची यंत्रणा त्याच्या सिलिकॉनमध्येच आहे. एचईव्हीसीचं मानक आलं २०१३ मध्ये, त्यामुळे ते या चिपला ठाऊकच नाही. सगळं ओझं प्रोसेसरच्या दोन कोअरवर पडतं. "कॉम्प्युटर स्लो झालाय" हे निदान इथे लागू नाही. तोच कॉम्प्युटर एच.२६४ अगदी आरामात दाखवतो.

पेनड्राइव्हवर संशय होता, तो सोडला. १०८०पी ६० फ्रेमचं एचईव्हीसी मिनिटाला साधारण ९० एमबी होतं, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. यूएसबी २.० सहज २५-३० एमबी देते. हार्ड डिस्कलाही हे ओझं नाही.

ड चं कोडं वेगळं आहे, वेगळंच सोडवायचं.

बिनखर्चाचा पहिला उपाय आजच लागू केला. चित्रीकरण करणाऱ्या दोन्ही फोनमध्ये एचईव्हीसी बंद करून एच.२६४ लावलं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल', अँड्रॉइडमध्ये 'हाय एफिशिअन्सी व्हिडिओ' बंद. फाइल बरीच मोठी होते, तेवढी जागा फोनमध्ये हवी. ज्यांच्याकडे थोडंच चित्रीकरण आहे त्यांचं काम इथेच संपतं, एक रुपयाही खर्च न होता. तालमीकडे मात्र मागच्या दोन हंगामांचं सगळं एचईव्हीसीत आहे. ते बदलून पाहिलं, तर दहा मिनिटांच्या तुकड्याला या यंत्रावर अर्धा तास लागला. म्हणजे दीड तासाच्या एका सामन्याला साडेचार तास.

४ जून, बुधवार

कॅबिनेट उघडलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ नमद्यासारखी बसलेली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. तो हवेने गरगर फिरला की बेअरिंग खराब होतं, आणि मोटर उलटी वीजही तयार करते.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या डाळीएवढा एकच थेंब मधोमध ठेवला. पसरवायचा नाही, हीटसिंकच्या दाबानेच पसरतो. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि बोर्ड मागून बघायचा. चारही खुंट्यांची पांढरी टोकं पूर्ण फाकून बाहेर आली पाहिजेत. एक अर्धवट होती, पुन्हा बसवली.

तुकडा ब चालवून प्रोसेसरचं तापमान: आधी ९२ अंश, आता ६३. गळणाऱ्या फ्रेम ४१० वरून ३३०. तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवत होता, तेवढाच फरक. मूळ अडचण तशीच आहे.

७ जून, शनिवार

एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि अर्थिंग. इथे घाई करायची नाही. यात चूक झाली तर एचईव्हीसीसाठी येणारं नवीन ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि टीव्ही तिन्ही जाऊ शकतात.

एसएमपीएसवर '४५० वॅट' लिहिलेलं. आकडा बाजूला ठेवून मल्टिमीटर लावला. हार्ड डिस्कला जाणाऱ्या चार पिनांच्या मोकळ्या जोडणीत पिवळी आणि काळी तार: रिकामा असताना ११.७८ व्होल्ट, तुकडा क चालू असताना ११.३१. १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४० च्या खाली जाता कामा नये. लाल आणि काळी तार ४.८२ व्होल्ट, मर्यादेत पण काठावर. जाळीतून टॉर्च मारल्यावर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली.

असा एसएमपीएस उघडून दुरुस्त करत बसू नये. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भारलेला राहतो. नवा घेतला, ४५० वॅटचाच, ८० प्लस ब्राँझ. गरज वॅटची नव्हतीच. प्रोसेसर ६५ वॅट, येणारं कार्ड ३० वॅट, बाकी सगळं मिळून ४० धरलं तरी दीडशेच्या आत. पैसे दिले ते स्थिर व्होल्टेजसाठी. नव्यावर पूर्ण भाराला १२.०६.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर निघाली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. एक्स्टेंशन बोर्डाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये १०८ व्होल्ट. मेनच्या जवळपास निम्मा आकडा आला की अर्थ कुठेतरी तुटलेला आहे असं समजावं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसला की कॅबिनेट मधल्या व्होल्टेजवर तरंगतं. वायरमनला बोलावलं. एक्स्टेंशन बोर्डाच्या आत हिरवी तार जोडलेलीच नव्हती. जोडल्यावर १.६ व्होल्ट.

टीव्ही वेगळ्या बोर्डावर होता. तोही याच बोर्डावर घेतला. दोन उपकरणांचा अर्थ वेगळा आणि मध्ये एचडीएमआय केबल असली, की दोन्हीतला फरक केबलच्या जाळीतून वाहतो. पोर्ट जळायचं हे नेहमीचं कारण, आणि पावसाळ्यात विजा चमकताना तर जास्तच. यापुढे नियम: एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हींचे प्लग बाहेर. वरच्या अँटेनाची तार टीव्हीला लावलेली असली तर तीही आधी काढायची.

८ जून, रविवार

मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२: २.४ व्होल्ट. नव्याचा ३ च्या वर असतो. घड्याळ प्रत्येक वेळी २०११ वर जायचं. तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. बदलला.

रॅम ४ वरून ८ जीबी. दुसरी ४ जीबीची पट्टी १३३३ ची घेतली, हा प्रोसेसर त्याहून वेगवान रॅम १३३३ वरच चालवतो. एकाऐवजी दोन पट्ट्या हाच खरा फायदा. एचडी २००० ला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच काम करतं, आणि दोन पट्ट्या असल्या की मेमरीच्या मार्गाची रुंदी दुप्पट होते.

घेताना सावध राहायला हवं. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' अशा स्वस्त डीडीआर३ पट्ट्या मिळतात. त्यांच्यावरच्या चिपची रचना वेगळी असते, इंटेलच्या या बोर्डांवर त्या चालत नाहीत. आठवड्याच्या आत परत घेण्याच्या बोलीवरच राजारामपुरीतून पट्टी आणली.

पहिल्या प्रयत्नात बीप आणि काळा पडदा. जुन्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळपटले होते. पांढरा खोडरबर हलक्या हाताने, मग अल्कोहोल, मग वाळू द्यायचं. सुरू झालं. मेमटेस्ट रात्रभर चालवला, सकाळपर्यंत एकही चूक नाही.

११ जून, बुधवार

कोणतं ग्राफिक्स कार्ड? दुकानात "टू जीबी कार्ड" एवढंच विचारलं जातं. व्हिडिओसाठी जीबीचा आकडा गौण आहे, कार्डाच्या चिपमध्ये कोणते कोडेक उलगडायची यंत्रणा आहे ते महत्त्वाचं.

जीटी ७१० आणि जीटी ७३०: सगळ्यात जास्त दाखवली जाणारी कार्डं. एच.२६४ उलगडतात, एचईव्हीसी आणि व्हीपी९ (यूट्यूबवरचा कोडेक) नाही. म्हणजे जे काम एचडी २००० आत्ताच फुकटात करतंय त्याच कामाचे पैसे द्यायचे. या कामासाठी घेऊ नयेत.

आरएक्स ६४००: एचईव्हीसी, व्हीपी९ आहे, एव्ही१ (त्याहून नवा कोडेक) नाही. किंमत मर्यादेबाहेर.

इंटेल आर्क ए३८०: एव्ही१ सकट सगळं आहे. पण त्याला मदरबोर्डवर 'रिसायझेबल बार' नावाची सोय हवी. २०११ च्या बोर्डावर ती नाही.

जीटी १०३०: एचईव्हीसी ८ आणि १० बिट, व्हीपी९. एव्ही१ नाही. ३० वॅट, स्लॉटमधूनच वीज घेतं, वेगळी तार लागत नाही. एचडीएमआय २.०. ठरलं.

या कार्डाच्या एकाच नावाने दोन जाती विकल्या जातात. २०१७ चं जीडीडीआर५ मेमरीचं, सेकंदाला ४८ जीबी. २०१८ चं डीडीआर४ चं, जेमतेम १७ जीबी. खोक्यावर बारीक अक्षरात 'डी४' असेल तर ते दुसरं. जीडीडीआर५ चं घेतलं.

कार्डाचा कनेक्टर लांब असला तरी आत चारच लेन जोडलेल्या आहेत. या बोर्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस २.० वर त्या सेकंदाला २ जीबी नेतात. दाबलेला व्हिडिओ कार्डापर्यंत जायला याचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही.

१४ जून, शनिवार

कार्ड बसवलं. दोन अडथळे आले.

पहिला: टीव्हीवर काहीच नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पहिलं चित्र कुठून द्यायचं याची सेटिंग 'आयजीएफएक्स' वर, म्हणजे प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर होती. 'पीईजी' केल्यावर आलं. हा बदल जुना मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावलेला असतानाच करायचा, नाहीतर बायोसही दिसत नाही.

दुसरा: या कार्डाला व्हीजीए नाही. डीव्हीआय आहे, पण फक्त डिजिटल, डीव्हीआय-डी. दुकानातून डीव्हीआयचं व्हीजीए करणारी छोटी जोडणी दिली होती, ती आतच जाईना. तिच्या चपट्या पात्याभोवती चार पिना असतात, त्या अॅनालॉग सिग्नलच्या. डीव्हीआय-डीच्या पोर्टला ती भोकंच नसतात. पिना मोडून बसवली तरी उपयोग शून्य, कारण या पिढीच्या चिपमधून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

तो घ्यायची गरज पडली नाही. या बोर्डाच्या बायोसमध्ये मल्टिमॉनिटरचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रोसेसरचं ग्राफिक्सही जागं राहतं. आता छोटा मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएवर, टीव्ही कार्डावर. एक पथ्य पाळावं लागतं: विंडोजमध्ये टीव्ही हाच मुख्य डिस्प्ले ठेवायचा आणि प्लेअर टीव्हीवरच उघडायचा. छोट्या मॉनिटरवर उघडून ओढत नेला, तर डीकोडिंग एचडी २००० कडेच राहू शकतं.

मोजणी. तुकडा ब: प्रोसेसर ७ टक्के, गळती शून्य. तुकडा क: ९ टक्के, गळती शून्य. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हिडिओ डीकोड' चा आलेख वर जाताना दिसतो, खूण तीच.

तुकडा ड: पूर्वीसारखाच उड्या मारतो.

१५ जून, रविवार

२४० जीबीचा एसएसडी. व्हिडिओला याचा उपयोग नाही, ते आधीच लिहिलं आहे. पण यंत्र सुरू होऊन वापरता येईपर्यंत चार मिनिटं जायची आणि तेवढ्यात पोरं हॉलमधून पांगायची. आता ३५ सेकंद. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेग ३ गिगाबिटच, त्यामुळे सेकंदाला साधारण २६५ एमबीच्या वर जात नाही. महागडा एसएसडी इथे वाया जातो.

बायोसमध्ये साटा 'आयडीई' वर होतं. विंडोज आधीच असताना ते थेट 'एएचसीआय' केलं की निळा पडदा येतो. क्रम असा: आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट, मग बायोसमध्ये एएचसीआय, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग सेफ बूट काढायचं. जुनी हार्ड डिस्क सामन्यांच्या साठ्यासाठी ठेवली.

१९ जून, गुरुवार

पाऊस लागून राहिला आहे. आज टीव्ही आणि केबल.

टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टची 'एन्हान्स्ड' सेटिंग चालू केली (निरनिराळ्या कंपन्यांत नाव वेगळं असतं, ती बंद असली की पोर्ट जुन्या वेगावर अडकतो) आणि विंडोजमध्ये ४के, ६० हर्ट्झ दिलं. चित्र आलं, पण पडद्यावर पांढरे ठिपके लुकलुकायला लागले आणि मिनिटाला एक-दोनदा पडदा काळा. दोष केबलचा. ४के ६० ला सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात, १०८०पी ६० ला ४.४६. चौपट फरक. तांब्याच्या साध्या केबलवर पूर्ण वेग साधारण ५ मीटरपर्यंत भरवशाचा, ही १० मीटरची आहे.

नवी फायबरची केबल घ्यायची का? हिशोब केला. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद, १०८०पी मध्ये एक ठिपका अर्धा मिलिमीटर. निकोप डोळ्याला एवढा ठिपका सुमारे पावणेदोन मीटरच्या पलीकडे वेगळा दिसत नाही. पोरं बसतात तीन ते सहा मीटरवर. त्यामुळे १०८०पी वरच ठेवलं. ४के तुकडा कार्ड आधी उलगडतं आणि मग लहान करतं, आणि प्रशिक्षकांना एखादा कोपरा मोठा करून दाखवायचा असला तर मूळ ४के चा तपशील तिथे उपयोगी पडतोच. पैसे वाचले आणि कुणाच्या डोळ्यांचं काहीच गेलं नाही.

कडा कापल्या जात होत्या, टचलाइन आणि कोपऱ्याचा झेंडा दिसत नव्हता. ही टीव्हीची ओव्हरस्कॅनची सवय. चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन' केलं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र आक्रसवून हे दुरुस्त करू नये, त्याने चित्र दोनदा ताणलं जाऊन धूसर होतं.

२२ जून, रविवार

तुकडा ड. या कामातला सगळ्यात मोलाचा दिवस.

टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो. तुकड्यात फ्रेम ५०. सहा चकरांत पाच फ्रेम बसवायच्या, म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसणार. सेकंदाला दहा वेळा चित्र क्षणभर थबकतं. एकही फ्रेम गळत नाही, प्रोसेसर रिकामा, कार्ड नवं, आणि तरी कॅमेरा फिरला की चेंडू उड्या मारतो. कितीही भारी यंत्र लावलं तरी हे जाणार नाही, कारण दोष वेगाचा नाही, जुळणीचा आहे.

विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडलं. तुकडा ड पाण्यासारखा वाहू लागला. एवढंच. तीन आठवडे ज्याच्या मागे होतो ते एका यादीतून एक आकडा निवडल्याने सुटलं.

हिशोब सोपा आहे. ५० आणि २५ फ्रेमच्या फाइलला ५० हर्ट्झ, ६० आणि ३० ला ६० हर्ट्झ. २५ फ्रेमची फाइल ६० हर्ट्झवर जास्तच वाईट दिसते, कारण फ्रेम दोनदा, तीनदा, दोनदा, तीनदा, दोनदा अशा विषम येतात.

फोनची फाइल मात्र काटेकोर ६० ची नसते. फ्रेममधलं अंतर किंचित कमी-जास्त होतं, आणि उजेड कमी झाला की काही फोन आपसूक ३० किंवा त्याखाली उतरतात. यासाठी एमपीव्हीच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी घातल्या: हार्डवेअर डीकोडिंग कायम चालू, आणि व्हिडिओ सिंक 'डिस्प्ले रीसॅम्पल' वर. दुसऱ्या ओळीने प्लेअर पडद्याच्या ठेक्याला धरून चालतो आणि आवाजाचा वेग नकळत जुळवून घेतो. त्याने ६० आणि ५० मधली दरी भरत नाही, छोटे फरक पुसले जातात.

टीव्हीमधलं चित्र गुळगुळीत करणारं 'मोशन' बंद केलं. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालतं. पायाजवळून निसटणारा चेंडू त्यात कधी दोन दिसतो, कधी गायब होतो. कीपर कधी निघाला हे बघायचं असताना बनावट फ्रेम नको.

चित्रीकरण करणाऱ्यांना कळवलं: दिव्यांखाली सराव असेल तर ६० ऐवजी ५० फ्रेमवर घ्या, शटर १/१०० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० च्या शटरमध्ये प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि चित्रावर सरकणाऱ्या काळ्या पट्ट्या येत नाहीत. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात ५० नाही, तिथे २५ घ्यावं.

२६ जून, गुरुवार

काळ्या जर्सीवरच्या घड्या दिसत नव्हत्या, सावलीतला बचावपटू म्हणजे नुसता डाग. कॉम्प्युटर ० ते २५५ अशा पूर्ण पट्ट्यात रंग पाठवत होता आणि टीव्ही १६ ते २३५ समजून घेत होता. १६ च्या खालचं सगळं काळं एकच. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट 'फुल', टीव्हीच्या त्या पोर्टवर काळ्याची पातळीही 'फुल' किंवा 'हाय'. दोन्हीकडे एकच हवं. उलटी चूक झाली की काळं राखाडी दिसतं. टीव्हीची 'व्हिव्हिड' रंगसंगती काढून 'सिनेमा' लावली, गवत पोपटी दिसायचं थांबलं.

२९ जून, रविवार

यूट्यूबवरचे सामने. व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कोडेक दिसतो. एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्ही०१ म्हणजे एव्ही१. पहिले दोन कार्ड उलगडतं. तिसरा आला की ओझं पुन्हा प्रोसेसरवर: १०८०पी ६० ला ९५ टक्के आणि गळती. फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगमध्ये एव्ही१ बंद केलं. मग यूट्यूब स्वतःच व्हीपी९ देतं. प्रोसेसर १८ टक्के.

५ जुलै, शनिवार

दुपारी तीनदा वीज गेली आणि तिन्ही वेळा यूपीएस असूनही यंत्र बंद पडलं. यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी चांगली. नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) आहे, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लाट देतो. दोघांचं नेहमी पटत नाही. टीव्हीचा प्लगही त्याच यूपीएसवर कुणीतरी लावला होता. तो काढल्यावर चार वेळा मेन बंद करून पाहिलं, चारही वेळा यंत्र चालू राहिलं. यूपीएसवर फक्त कॅबिनेट आणि छोटा मॉनिटर.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठरलेले. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. आडवाटेने ११ घालण्यापेक्षा लिनक्स मिंट २२.१ पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, मग एसएसडीवर ६० जीबीच्या वेगळ्या भागात बसवलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला. एमपीव्हीमध्ये चारही तुकडे गळतीविना. ब्राउझरमध्ये मात्र या कार्डाचं हार्डवेअर डीकोडिंग आपोआप लागत नाही, वेगळं पॅकेज घालावं लागतं. ते काम बाकी. ऑक्टोबरपर्यंत दोन्ही राहतील.

१२ जुलै, शनिवार

हॉलमध्ये प्रत्यक्ष वापर. मागच्या हंगामातला तोच गोल, एचईव्हीसी, ६० फ्रेम, टीव्ही ६० हर्ट्झवर. चौकोनी कंसाच्या डाव्या कळेने वेग उतरवत अर्ध्यावर आणला, मग थांबवून पूर्णविरामाच्या कळेने एकेक फ्रेम पुढे. स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे जाता येतं. मागे जाताना क्षणभर लागतो, कारण पूर्ण फ्रेम ठरावीक अंतरानेच साठवलेली असते आणि प्लेअरला तिथून पुढे उलगडत यावं लागतं.

स्ट्रायकरच्या पायातून चेंडू सुटला त्या फ्रेमला कीपर अजून लाइनवर. त्यानंतर अकराव्या फ्रेमला त्याचा पुढचा पाय उचललेला. सेकंदाचा पाचवा भागही नाही. पोरांनी ते तीनदा मागे घेऊन बघितलं, मग प्रशिक्षक कीपरला घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले.

कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरचा मजकूर: टीव्ही मुख्य डिस्प्ले. १०८०पी. फाइल ५० किंवा २५ असेल तर ५० हर्ट्झ, ६० किंवा ३० असेल तर ६०. एचडीएमआय काढण्याआधी दोन्ही प्लग बाहेर. टीव्ही यूपीएसवर लावू नये. धूळ: गणपतीआधी एकदा, हंगाम सुरू होण्याआधी एकदा.